मनगट सुजलेलं, बांगडी निघेना

मी पोलिस स्टेशनला जोडलेल्या महिला समुपदेशन केंद्रात काम करते, 2020च्या एप्रिलमध्ये मात्र सगळे फोन घरूनच घेत होते. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण बाईचा मिस्ड कॉल आला तरी आम्ही उलट फोन लावत नाही, नवरा दिवसभर घरात, त्याने उचलला तर मार तिलाच. तिच्याच फोनची वाट बघायची आणि आला की आधी म्हणायचं, नुसतं हो-नाही सांगा.

त्यातली एक बाई पहाटे पाचला वस्तीतल्या सार्वजनिक संडासातून बोलायची, नळ सोडून. म्हणाली, लाटण्याने मारलं, मनगट सुजलंय, काचेची बांगडी रुतलीय, साबण लावला तरी निघत नाही. म्हटलं, फडकं गुंडाळून फोडा आधी. तर म्हणे, फुटल्याचा आवाज होईल ना ताई.

दिवसभर फोन करत बसले. चौकीत म्हणाले, बंदोबस्त आहे, तिला पाठवा, एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतो. अहो, गल्लीला बांबू ठोकलेत, यायची कशी? निवारागृहाला कोरोनाचा रिपोर्ट हवा, आणि लक्षणं नसताना तेव्हा टेस्ट करत कोण होतं! भाऊ म्हणाला, गावात घेत नाहीत, शाळेत चौदा दिवस ठेवतात. 2005च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम 19 खाली नवऱ्यालाच घराबाहेर काढता येतं, 23 खाली तर त्याचं न ऐकता तातडीचा आदेश मिळतो, पण कोर्टात तेव्हा फक्त अर्जंट कामं चालू आणि मारहाण अर्जंट आहे हे पटवण्यातच आमचा जीव जातो.

तरी डीआयआर, म्हणजे त्या कायद्याखालचा घरगुती हिंसेच्या घटनांचा अहवाल, मी फोनवरच लिहून काढला. तारखा तिला आठवेनात, मग थाळ्या वाजवल्या त्या दिवशी का, पाडव्याला का, दिवे लावले त्या रात्री का, असं विचारत विचारत पाच प्रसंग बसवले. माझ्या इतक्या वर्षांत इतका नेमका डीआयआर मी लिहिला नव्हता. त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना पाठवला, तर त्यांना कोविडची ड्युटी लागलेली.

दुसऱ्या पहाटे तिचा फोन आला आणि माझ्या तोंडून गेलं, "थोडे दिवस सांभाळून घ्या." जे तिला आईने सांगितलं, भावाने सांगितलं, तेच मी. नवीन मुलींना ट्रेनिंगमध्ये मी पहिल्याच दिवशी सांगते, हे वाक्य बोलायचं नाही. ती "बरं ताई" म्हणाली आणि नळ बंद केल्याचा आवाज आला.

नंतर फोन नाही. 4 मेला दारूची दुकानं उघडली त्या रात्री मी फोन उशाशी घेऊन जागी होते. जूनमध्ये वस्तीत गेले तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावी गेले. कुणाच्या गावी, तिच्या की त्याच्या, ते तिलाही सांगता आलं नाही.