गंगाद्वारची धार आणि रामकुंडाचं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे पुण्याहून नाशिकला गेलो. आईचं माहेर पंचवटीत, मामा अजून तिथेच राहतो. वणी, सोमेश्वर, काळाराम सगळं झालं, त्याबद्दल लिहीत नाही, गर्दी प्रचंड आणि पार्किंग कुठेच नाही एवढंच. लिहायचंय ते त्र्यंबकबद्दल आणि त्यानंतरच्या संध्याकाळबद्दल.

देवळाबाहेरची लाइन बघून बाबा म्हणाले, कळसाला नमस्कार करू आणि वर जाऊ. गंगाद्वारला, म्हणजे ब्रह्मगिरीवर गोदावरी जिथे दिसते तिथे जायला, साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आईचे गुडघे दुखतात, पण ती थांबत थांबत चढली आणि लेक माकडांना घाबरून पूर्णवेळ माझी ओढणी धरून. ब्रह्मगिरीचा कातळ अजून पाझरत होता, गवत शेंड्याला सोनेरी आणि बुडाशी हिरवं, पलीकडे अंजनेरी एकदम स्वच्छ दिसत होता. वर गोदावरीची करंगळीएवढी धार. आईने पदर खोचला आणि ओंजळ धरली, ती भरायला बराच वेळ लागला, मग थोडं प्यायली आणि उरलेलं नातीच्या डोळ्यांना लावलं. इतकं गार आणि नितळ पाणी मी खूप वर्षांत बघितलं नव्हतं.

उतरताना मात्र पायथ्याकडे बघून पोटात गोळा आला. डोंगर खरवडून सपाट केलेले मातीचे तुकडे, प्लॉटचे बोर्ड. 2021 मध्ये इथल्या उत्खननावरून नाशिककरांनी केवढा आवाज उठवला होता. गोदावरीचा उगम असलेला डोंगर आहे हा, त्याला तरी सोडा ना!

संध्याकाळी मामाबरोबर गंगेवर गेलो. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात. आई लहानपणी इथे पोहायला शिकली, आजोबांच्या अस्थीही रामकुंडातच सोडल्या होत्या, त्यामुळे तिला पाय बुडवायचेच होते. पायरीपाशी पाणी हिरवट-काळं, त्यात शाम्पूच्या पुड्या, निर्माल्याची गच्च बांधलेली प्लास्टिकची पिशवी, आणि वास. मामा म्हणाला, "ताई, नको घालूस पाय, घरी जाऊन धुवावे लागतील." आई एक पायरी वर सरकून बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मला ते फार लागलं. सकाळी ज्या बाईने हेच पाणी ओंजळीने प्यायलं, तिला संध्याकाळी त्यात पाय घालता येत नाही, आणि मधलं अंतर जेमतेम तीस किलोमीटर!

मग मामा सांगत बसला. कुंडांच्या तळाशी पूर्वी जिवंत झरे होते, 2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी तळाला काँक्रीट घातलं आणि ते बुजले. आता वर गंगापूर धरणातून पाणी सुटलं तरच इथे वाहतं. 2016 च्या दुष्काळात रामकुंड कोरडं पडलं आणि टँकरने भरावं लागलं. शिवाय नासर्डी आणि वाघाडी, दोन्ही एकेकाळच्या नद्या, शहराचं सांडपाणी घेऊन गोदावरीलाच येऊन मिळतात. लोक हायकोर्टात गेले, जनहित याचिका झाली, तरी पानवेली दरवर्षी येतातच.

माझी नणंद संभाजीनगरला असते, तिच्या नळाला पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं पाणी येतं, म्हणजे हेच. त्यामुळे नाशिकचा प्रश्न नाशिककर बघतील असं म्हणून मला गप्प बसता येत नाही. 2027 मध्ये परत सिंहस्थ आहे, लाखो लोक इथे डुबकी मारतील, पुन्हा घाट आणि रस्त्यांवर खर्च होईल. तो करा, पण आधी सांडपाणी नदीत येणं बंद करा आणि तळाचं काँक्रीट काढून ते झरे मोकळे करा.