लघवीत साखर निघाली आणि मेडिकल अडकलं : पोलीस भरतीचा माझा अनुभव

भरतीच्या मेडिकलला लघवीत साखर निघाली म्हणजे मधुमेह झाला, असं नाही. मधुमेहाचं निदान रक्तावरून करतात. हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक असतं तर मेडिकल अडकलेल्या ३७ दिवसांतले निम्मे तरी वाचले असते, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहिते आहे.

मैदानी आणि लेखीबद्दल सांगत बसत नाही. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक मिळून ५० गुण आणि लेखीचे १००, याची माहिती कळव्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही अकॅडमीत मिळते. कागदपत्र पडताळणीही एका दिवसात झाली. अडलं ते मेडिकलला. वजन, उंची, डोळे, कान, छातीचा एक्स-रे सगळं ठीक होतं. लघवीच्या पट्टीवर मात्र शुगर दोन प्लस आली आणि माझ्या फॉर्मवर शेरा पडला, 'तात्पुरती अपात्र, शुगर'. रक्तातल्या साखरेचा आकडा नाही, पुढे कुठली तपासणी करायची ते नाही, किती दिवसांत परत यायचं तेही नाही.

पट्टी लघवीत बुडवतात आणि साधारण अर्ध्या मिनिटाने रंग बघतात. त्यातून एवढंच कळतं की लघवीत साखर आहे. मूत्रपिंड रक्तातली साखर गाळतं आणि जवळजवळ सगळी परत शोषून घेतं. रक्तातली साखर दर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली (पुढचे साखरेचे आकडेही याच मापात) की हे शोषण पुरं पडत नाही आणि उरलेली लघवीत उतरते. पण काही जणांचा हा उंबरठा जन्मतःच खाली असतो. त्यांच्या रक्तातली साखर अगदी नॉर्मल असते आणि तरी लघवीत साखर येते. याला रीनल ग्लायकोसुरिया म्हणतात. हे घराण्यात चालत येतं, बहुतेकांना काही त्रास नसतो आणि औषधही लागत नाही. माझं तेच निघालं. पण ते कागदावर सिद्ध करायला मला महिना लागला.

शेरा मिळाला त्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, "ताई, भरती कक्षाला विचारा." भरती कक्षात सांगितलं, "मेडिकलचं आमच्याकडे काही नाही, रुग्णालयातून लिहून आणा." असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी एका परिचारिकेने सांगितलं की नुसतं विचारून काही होणार नाही, फिजिशियनच्या ओपीडीचा केस पेपर काढा आणि शेरा असलेल्या कागदाची झेरॉक्स त्याला जोडा. ही साधी गोष्ट पहिल्या खिडकीवरचा माणूस सांगू शकला असता.

फिजिशियनने उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, लिहून दिली. तिथल्या लॅबमध्ये एचबीएवनसी त्या आठवड्यात होत नव्हती, म्हणून मी ठाणे स्टेशनजवळच्या खाजगी लॅबमधून करून घेतली. ५.३ टक्के आली. रिपोर्ट घेऊन गेले तर तो नाकारला. रक्त माझंच आहे याचा पुरावा काय, असा प्रश्न होता. नाव आणि वय कुणीही सांगू शकतं, फोटो नाही, ओळखपत्राचा क्रमांक नाही. हा आक्षेप खरं तर योग्यच आहे. दुसऱ्याचं रक्त देऊन रिपोर्ट आणणारे उमेदवार असतात. माझी चीड एवढ्याचीच आहे की हे आधी सांगायला हवं होतं. शंका असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या हातात चार ओळींचा छापील कागद दिला असता तर त्यांचाही वेळ वाचला असता.

त्यानंतर रुग्णालयाच्याच लॅबमध्ये, ओळखपत्र दाखवून, रजिस्टरमध्ये अंगठा देऊन रक्त दिलं. उपाशीपोटी ८६, जेवणानंतर ११२. आता सुटले असं वाटलं, तर पात्र-अपात्र ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाने विचारलं, "मग लघवीत साखर कशी?" रक्त मंगळवारचं होतं आणि लघवी आधीच्या महिन्यातली. त्या दिवशी रक्तात साखर वाढलेली नव्हती हे कशावरून ठरवायचं? बोर्ड आठवड्यातून एकदाच बसायचं, त्यामुळे या एका प्रश्नात आणखी आठ दिवस गेले.

इथेच सगळ्यांनी लक्ष द्यावं. रीनल ग्लायकोसुरिया दाखवायचा असेल तर रक्त आणि लघवी एकाच वेळी द्यावी लागते आणि दोन्ही रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ छापून यावी लागते. त्यासाठी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट लिहून मागा. ८ ते १० तास उपाशी राहून जायचं, पाणी चालतं. आधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं. मग उपाशीपोटीचं रक्त आणि थोड्या वेळाने लघवी. मग २५० ते ३०० मिली पाण्यात ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. दुकानातला ग्लुकोज बहुतेक वेळा मोनोहायड्रेट असतो, तो ८२.५ ग्रॅम लागतो. साधाच घ्यायचा, संत्र्या-लिंबाच्या स्वादाच्या पुड्यांत साखर वेगळी मिसळलेली असते. दोन तासांनी पुन्हा रक्त आणि लघवी. मधल्या वेळात बसून राहायचं, चहा घेऊ नये, जिने चढू नयेत. उलटी झाली तर ती टेस्ट बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

माझे आकडे उपाशीपोटी ८८ आणि दोन तासांनी ११७. दोन्ही वेळच्या लघवीत साखर होती. बोर्डाने पाहिलं आणि पाच मिनिटांत 'पात्र' लिहिलं.

भरतीला येणाऱ्या मुलामुलींनी मेडिकलआधी भात-पोळी बंद करू नये. शुगर कमी येईल म्हणून पुष्कळ जण असं करतात, आणि होतं उलटं. टॉलरन्स टेस्टआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली नाहीत तर दोन तासांचा आकडा खोटा वर जातो. नेहमीचं जेवा. तापात टेस्ट करू नका. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड घेत असाल तर आधी सांगा, त्याने साखर चढते. वजन वाढवायच्या म्हणून बिनालेबलच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या काहींत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलेलं आहे, त्या तर अजिबात नको. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही दोन-तीन दिवस आधी थांबवा, पट्टीचा निकाल त्याने चुकतो.

रक्त करड्या टोपीच्या, फ्लोराइडच्या नळीत घेतलं पाहिजे. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि आकडा दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. एचबीएवनसीसाठी जांभळ्या टोपीची नळी. मुलींसाठी एक वेगळी गोष्ट: लोह कमी असून रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते. हिमोग्लोबिन आधी तपासा, कमी असेल तर तोही रिपोर्ट जोडा.

मधुमेह ठरवायचे आकडे असे: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, टॉलरन्स टेस्टमध्ये दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एका निकालावर शिक्का मारत नाहीत, दोन निकाल तसे यावे लागतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधली पायरी. तिथे असाल तर घाबरून घरी बसू नका, निकाल लेखी घ्या आणि बोर्डासमोर मांडा.

ज्यांना खरंच मधुमेह आहे, त्यातही इन्सुलिन लागतं, त्यांना वर्दीची वाट बहुतेक बंद आहे. हे वाचताना वाईट वाटेल, पण कारण समजून घ्यावं. बंदोबस्तात बारा-बारा तास जेवणाची वेळ नसते. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरू लागतात, आणखी उतरली की डोकं चालेनासं होतं, आणि त्या वेळी हातात शस्त्र किंवा गाडीचं स्टिअरिंग असू शकतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, सीमेवरच्या चौकीत ते कठीण. आजार लपवून आत जाऊ नका. प्रशिक्षणातल्या धावण्यात तो उघडा पडू शकतो आणि साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती खरी असल्याचं लिहून देण्याच्या फॉर्ममध्ये, खोटं लिहिल्याची कारवाई वेगळी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मधुमेह नाही, त्यामुळे त्या आरक्षणाची आशा धरू नका. सैन्यात नोकरी लागल्यावर मधुमेह झाला तर गोष्ट वेगळी: तिथे थेट घरी पाठवत नाहीत, वैद्यकीय श्रेणी खाली आणून हलक्या कामावर ठेवतात.

एनडीए, सीडीएस या सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या मुलांना अपीलाची वाट तरी स्पष्ट आहे. स्पेशल मेडिकल बोर्डाने नाकारलं तर ४२ दिवसांत अपील बोर्ड, त्यानंतर रिव्ह्यू बोर्ड, पण तो हक्काने मिळत नाही. आईवडील किंवा भावंडांना मधुमेह असेल तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखर तपासतात, म्हणून ते रिपोर्ट आधीच करून ठेवा.

आपल्याकडे, पोलीस भरतीत, शेरा मिळाल्याच दिवशी साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज द्या: अपात्रतेचं कारण आकड्यासह लेखी मिळावं आणि फेरतपासणी व्हावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही पोच माझ्याकडे नव्हती, म्हणून पहिले चार दिवस कुठेच मोजले गेले नाहीत. तरीही उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात स्वतःचा वैद्यकीय अहवाल मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, त्यामुळे अर्ज आणि माहिती अधिकार दोन्ही एकाच आठवड्यात टाका, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्यासाठी थांबू नका.

रिपोर्टची मूळ प्रत कुठल्याही खिडकीवर सोडू नका. झेरॉक्सवर 'मूळ पाहिले' असा सही-शिक्का घ्या आणि मूळ पिशवीत परत आणा.