‘फोर’ ऐकलं आणि त्यानं वर बघितलं

मार्चमधला रविवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि सोलापूरचं ऊन तेव्हाच चटका द्यायला लागलं होतं. माझा डोळ्यांचा दवाखाना बंद. आम्ही दवाखान्याच्या वरच राहतो, त्यामुळे कुणी आलं की बेल वाजायच्या आधी मला खिडकीतून गाडी दिसते. मोठी पांढरी गाडी थांबली. चार जण उतरले, चौघांच्या डोक्यावर टोप्या, एकाच्या डाव्या हातात पातळ पांढरा हातमोजा. त्यांच्या मधे सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा. त्याच्या डाव्या डोळ्यावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ होता आणि तो हातमोजावाल्या काकांनी सगळा जोर लावून दाबून धरला होता.

मी खिडकीतूनच ओरडले, “दाबू नका! हात काढा आधी!”

हे इथेच सांगून टाकते, कारण अशी चूक चांगली शिकलेली माणसंही करतात. डोळ्याला जोराचा मार बसला असेल तर तो आतून फुटलाय की नाही हे बाहेरून कळत नाही. फुटला असेल आणि आपण वरून दाब दिला, तर आतला ऐवज बाहेर येतो आणि वाचू शकला असता असा डोळा जातो. म्हणून चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, दूध-तूप घालायचं नाही, बर्फ दाबायचा नाही. चहाचा कागदी कप खालून अर्धा कापायचा, त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल असा डोळ्यावर ठेवायचा, वरून चिकटपट्टी लावायची आणि निघायचं. डोळ्याला कशाचाही स्पर्श होता कामा नये. कप प्रत्येक शेतावर, प्रत्येक मैदानाबाहेरच्या टपरीवर असतो.

मुलाला आत घेतलं. पापण्या टम्म सुजलेल्या, भुवईच्या खाली कातडी फाटलेली. पापणी अलगद उचलून बघेपर्यंत माझा श्वास वर अडकला होता. बाहुली गोल होती, पांढरा भाग कुठे फाटलेला दिसत नव्हता, डोळ्याचा आकार जागेवर होता. डोळा फुटला नव्हता. मात्र बुबुळाच्या आणि बाहुलीच्या पुढे जी पाण्यासारख्या द्रवाची पोकळी असते, तिच्यात तळापासून जवळजवळ एक तृतीयांश रक्त साचलं होतं. याला आम्ही हायफिमा म्हणतो. दोन फुटांवरून त्याला माझी बोटं कशीबशी मोजता येत होती. डोळ्यातला दाब २८. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते २१ असतो.

“काय लागलं?” मी विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातले एक म्हणाले, “बॉल लागला, मॅडम.”

“क्रिकेटचा?”

“बॉलच... हो, तसंच.”

तेव्हा तो मुलगाच म्हणाला, “गोल्फचा हाय मॅडम. पांढरा, लहान.”

मला तो शब्द ऐकून धस्स झालं. या शहरात मी डोळ्याला लागलेलं खूप बघितलंय. उमेदवारीच्या काळात यंत्रमागाचा धोटा उडून लागलेले कामगार यायचे. ज्वारीच्या काढणीत पातं लागलेल्या बायका अजून येतात. विटी लागलेली पोरं येतात. इथल्या होम मैदानावर रविवारी एकाच वेळी किती तरी मॅच चालतात, एकाचा फटका दुसऱ्याच्या क्षेत्ररक्षकाला बसतो, तेही येतात. गोल्फचा चेंडू मात्र मी तोवर फक्त पुस्तकात वाचला होता, आणि जे वाचलं होतं ते भीतिदायक होतं.

कारण साधं आहे. डोळ्याची खोबण तोंडाशी जेमतेम चार सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरहून मोठा. तो बहुतेक वेळा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, हाड मोडतं पण डोळ्याला थोडा आडोसा मिळतो. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमाने किमान ४२.६७ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. तो त्या खोबणीत जवळजवळ बसतो. शिवाय कठीण. हौशी माणसाने ड्रायव्हर नावाच्या क्लबने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारलेला चेंडूही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. अशा माराने कित्येकदा डोळा काढूनच टाकावा लागतो. या मुलाचं नशीब एवढंच की चेंडू आधी बांधावरच्या दगडावर आपटून उसळला होता आणि त्याचा बराचसा मार भुवईने घेतला होता.

त्याला दाखल करून घेतलं. उशी उंच, डोळ्यावर कडक कवच, दाब उतरवायचे थेंब, बाहुली मोठी ठेवणारं ॲट्रोपिन, स्टेरॉइडचे थेंब. दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही, कारण त्याने पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती. दुपारी सीटी स्कॅन करून आणला. खोबणीच्या तळाच्या पातळ हाडाला केसाएवढी चीर होती, स्नायू त्यात अडकला नव्हता. त्याला बजावलं, नाक शिंकरायचं नाही.

हे चालू असताना बाहेर दुसरंच चाललं होतं. चौघांपैकी एक जण आत आले, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, कागदावर क्रिकेट लिहिलं तर बरं होईल. खर्चाचं आम्ही सगळं बघतो. पोराला काही कमी पडू देणार नाही.”

ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरले होते. पण मला राग आला आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, “त्याच्या डोळ्याला काय लागलं हे त्याच्या कागदावर खरंच लिहिलं जाईल. उद्या मी नसले तरी पुढच्या डॉक्टरला कळलं पाहिजे कुठे काय शोधायचं. आणि पोलिसांना कळवणं मला भाग आहे, ते मी कळवणार.” कळवलंही. ते काही न बोलता बाहेर गेले.

नंतर समजलं ते असं. चौघं जुने मित्र. २०२१ साली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा टीव्हीवर गोल्फ नीट बघितलं आणि वेड लागलं. हातमोजावाले काका पुण्याला मुलाकडे जायचे तेव्हा रीतसर शिकून आले. मग तुळजापूर रस्त्याकडच्या एकाच्या शेतात, ज्वारी निघाल्यावर, त्यांनी तीन होल खणले, भोवती थोडी हिरवळ राखली. धसकटात चेंडू सापडत नाहीत म्हणून राखणदाराच्या मुलाला पुढे उभं करायचे. चेंडू कुठे पडतो ते बघायचं, उचलून आणायचं. तो सव्वाशे मीटरवर, उजव्या अंगाला, बाभळीखाली थांबायचा. काकांचा फटका त्या सकाळी उजवीकडे वळला.

काका बाहेरच्या बाकावर बसून होते. हातमोजा अजून काढलेला नव्हता. मी जवळ गेले तसे उठले आणि न विचारता म्हणाले, “मॅडम, मी ओरडलो होतो. चेंडू वळला त्याच क्षणी ‘फोर’ म्हणून ओरडलो. अगदी घसा फुटेपर्यंत.” पुढे म्हणाले, “आम्ही सगळं पाळतो. दुसरा मारत असताना कुणी बोलत नाही. कुणाच्या पटिंगच्या, म्हणजे होलमध्ये चेंडू ढकलायच्या, रेषेवर पाय देत नाही. गवताचं ढेकूळ उडालं तर परत बसवून पायाने दाबतो.” ते मला हे का सांगत होते ते कळत होतं. आपण निष्काळजी माणूस नाही, हे त्यांना कुणाला तरी पटवायचं होतं. आणि ते खरंच होतं, निदान त्यांच्या बाजूने.

संध्याकाळी मुलाची आई आली. पदराची गाठ सोडून पैसे काढायला लागली तेव्हा मी तिचा हात धरून खाली बसवलं. मुलगा निजून कंटाळला होता, बोलायला उत्सुक होता. मी विचारलं, “काकांनी ओरडलेलं ऐकलंस ना?”

“ऐकलो की.”

“मग खाली का नाही बसलास?”

त्याने चांगला डोळा माझ्याकडे वळवला. “फोर म्हनले की मॅडम. मला वाटलं चौका गेला. बॉल कुठं गेलाय म्हणून उठून बघूलालतो, तर धाडकन...”

मी खोलीतून बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ उभी राहिले.

तो खाली वाकलेला होता, दुसरा चेंडू उचलत होता. ओरडणं ऐकलं नसतं तर कदाचित पाठीला लागला असता. ‘फोर’ ऐकून तो उठला आणि आवाजाच्या दिशेने तोंड केलं. क्रिकेटमध्ये वाढलेलं आपलं कुठलंही पोर हेच करेल. फोर म्हणजे चौकार, आणि चौकार गेला की माणूस बघतो. गोल्फमध्ये या शब्दाचा अर्थ जुन्या इंग्रजीतला, ‘पुढे’. पुढे जे असतील त्यांनी सावध व्हावं, म्हणजे पाठ फिरवावी, डोकं दोन्ही हातांनी झाकावं, खाली बसावं. चेंडू शोधायला अजिबात वर बघू नये. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे उभं राहून चेंडू कुठे पडतो ते बघणाऱ्या माणसाला इंग्रजीत फोरकॅडी म्हणतात, आणि ही आरोळी त्या नावावरून आली असंही एक मत आहे. म्हणजे ज्याच्या कामावरून कदाचित हा शब्द निघाला, त्या कामावरच्या पोरालाच तो ठाऊक नव्हता.

त्या रात्री मी गोल्फचे नियम काढून वाचले. ते स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची ‘आर अँड ए’ ही संस्था आणि अमेरिकेची गोल्फ संघटना मिळून ठरवतात. २०१९ साली ते नव्याने लिहिले गेले, तेव्हा शिष्टाचार अगदी पहिल्याच नियमात, १.२ मध्ये आला. त्यात इतरांचा विचार करण्याबद्दल जे लिहिलंय, त्यात वेळ न लावता खेळणं आहे, दुसऱ्याचं लक्ष विचलित न करणं आहे, आणि इतरांच्या सुरक्षिततेकडे लक्ष ठेवणंही आहे. हिरवळीची काळजी घेणं वेगळं दिलंय. काकांनी मला जे सांगितलं ते बहुतेक या दोन बाबींतलं होतं, शांततेतलं आणि हिरवळीतलं. ओरडणं ही शेवटची गोष्ट आहे, फटका हातून सुटल्यावरची. त्याआधीची गोष्ट ही की पुढे माणूस असताना काठी उचलायचीच नाही.

तिसऱ्या दिवशी काका भेटायला आले. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, मुलासाठी. मी त्यांना मुलगा काय म्हणाला ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी त्याला बॉलची किंमत सांगितली, क्लब कसा पुसायचा ते सांगितलं. हा एक शब्द नाही सांगितला.”

मी म्हटलं, “शब्द सांगितला असता तरी तो तिथे उभा असायला नको होता.”

“नको होता,” ते म्हणाले.

दुसरा ते पाचवा दिवस हायफिमात सगळ्यात धोक्याचे. गुठळी सैल होते आणि पुन्हा रक्त येऊ शकतं, पहिल्यापेक्षा जास्त. आमची रात्रपाळीची सिस्टर त्याला कूस बदलू देत नव्हती, त्याच्याशी गप्पा मारत जागी राहायची. पुन्हा रक्त आलं नाही. दाब चौथ्या दिवशी १८ वर आला. आठवड्यात पोकळी स्वच्छ झाली आणि मागचा पडदा दिसला. कडेला सुजेने पांढुरका झाला होता, तोही पुढे सुधारला. महिन्याने नजर ६/९, म्हणजे जवळजवळ पूर्ण.

खेळ त्यांनी बंद केला नाही, करावा असं मी म्हटलंही नव्हतं. चेंडू शोधायला आता मारून झाल्यावर चौघं स्वतः जातात. मुलगा सोबत असला तर मारणाऱ्याच्या मागे, बाजूला थांबतो. आणि आरोळीही त्यांनी बदलली आहे, “खाली बस बे!” ही त्या मुलानेच सुचवली. मला ती योग्य वाटते. सोलापुरातल्या माणसाला ती ऐकून विचार करावा लागत नाही.

सहा आठवड्यांनी मी आरशाच्या भिंगातून त्याच्या डोळ्याचा कोन तपासला, जिथून आतलं पाणी निचरून जातं. वर्तुळाच्या जवळजवळ निम्म्या भागात तो कोन माराने मागे सरकला होता. अशा डोळ्यात काचबिंदू वर्षांनी, कधी दहा-वीस वर्षांनीही येऊ शकतो, आणि तो दुखत नाही. म्हणून आईला आणि मुलाला समोर बसवून सांगितलं, दरवर्षी दाब मोजायचा, जन्मभर. फाइलवर लाल पेनने लिहून दिलं. हे सगळं इथे लिहायला त्या दोघांनी परवानगी दिली आहे.

पहिल्या वर्षी तो आला. दुसऱ्या वर्षी मार्च गेला, एप्रिल गेला, आला नाही. आईचा नंबर लागेना. शेवटी मी काकांना फोन केला. “मी बघतो,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पांढरी गाडी. मुलगा आता कामाला लागलाय, चाकण भागात, दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता आणि काकांनी त्याला एसटी स्टँडवर गाठलं होतं.

उजवा डोळा १५, डावा २०. वाढलेला म्हणता येत नाही, पण फरक आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय, आणि या वेळी फाइलवर काकांचाही नंबर लिहून घेतलाय.