आयसीयूच्या दाराबाहेरचे नातेवाईक : नर्सचा अनुभव

पेशंट आत आला की पहिला तासभर आमच्या हातांना उसंत नसते. मॉनिटरच्या लीड्स (छातीला चिकटवायच्या तारा), सलाईनच्या लाइन, लघवीची नळी, रक्ताचे नमुने. बाहेर थांबलेल्यांना तो तास संपता संपत नाही. म्हणून मी मधेच दाराशी जाऊन एवढंच सांगते, "काम चालू आहे, अर्ध्या तासात डॉक्टर भेटतील." वेळ चुकणार असेल तर पुन्हा जाऊन तसं सांगायचं. दाराशी होणारी बहुतेक भांडणं निरोपच न पोचल्यामुळे होतात.

त्याच वेळी दागिने उतरवून द्यायचे. नोंदीत 'सोन्याचे' नाही, 'पिवळ्या धातूचे' लिहायचं (खरं सोनं आहे का, हे आम्ही ठरवू शकत नाही), नग मोजायचे, घेणाऱ्याची आणि साक्षीदाराची सही घ्यायची. कवळी आणि चष्मासुद्धा लिहायचा. मंगळसूत्र काढताना नवऱ्याला किंवा मुलीला आधी कारण सांगावं. न विचारता काढलेलं मनाला फार लागतं.

सर्वांत महत्त्वाचं काम पहिल्या भेटीआधीचं. पडद्याबाहेरच थांबवून सांगायचं : तोंडात श्वासाची नळी आहे, ती स्वरतंतूंमधून जाते, म्हणून काका बोलू शकणार नाहीत; आवाज गेलेला नाही. झोपेचं औषध चालू आहे. हात मऊ पट्ट्यांनी बांधलेत, कारण अर्धवट शुद्धीत पेशंट नळी ओढतो. चेहरा सुजलेला दिसेल. हे न सांगता आत सोडलं तर बांधलेले हात पाहून माणूस हादरतो, आणि पुढचं काहीच त्याच्या कानात शिरत नाही. हात धुऊन झाले की त्यांना पेशंटचा हात धरू द्यावा, नाव घेऊन बोलायला सांगावं. ऐकू येत असेल असं धरूनच आम्हीही बोलतो.

मग सगळ्यांची नजर मॉनिटरवर खिळते. बोटाला लावलेला प्रोब, म्हणजे ऑक्सिजन मोजणारा चिमटा, सरकला तरी ऑक्सिजनचा आकडा पडतो आणि अलार्म वाजतो. हे पहिल्याच दिवशी दाखवून दिलं की धावपळ पुष्कळ कमी होते.

गंगाजल किंवा तुळशीचं पाणी तोंडात घालू द्यायचं नाही. गिळण्यावर ताबा नसतो, ते श्वासनलिकेकडे उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. पण नुसतं "चालत नाही" म्हणून परतवणं मला पटत नाही. अंगाऱ्याची बंद पुडी उशीखाली ठेवता येते.

"सिस्टर, वाचतील ना?" याला "होतील बऱ्या" म्हणू नये. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगतात. मी आज पाहिलेलं सांगते. साठ किलोच्या पेशंटला तासाला साधारण ३० मिलीलिटर तरी लघवी व्हावी, ती आज कमी आहे, डॉक्टरांना कळवलंय. डॉक्टर बोलतात तेव्हा शेजारी थांबते, कारण ते गेल्यावर तेच प्रश्न पुन्हा मलाच विचारले जातात.

घरातला एकच माणूस आणि त्याचा फोन नंबर ठरवून घ्यावा. ड्यूटी बदलताना औषधांबरोबर हेही सांगायचं : घरच्यांना आज काय सांगितलं, कुणाला सांगितलं, काय अजून सांगायचं राहिलंय. सकाळी "स्थिर" आणि रात्री "गंभीर" असे दोन शब्द कानावर पडले की दोन्ही सिस्टरवरचा विश्वास उडतो, तब्येत तीच असली तरी.