आमची वाटचाल : माणसे घडवत वाढलेला कारखाना

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना सुरू झाला तेव्हा दोन जुने लेथ, एक ड्रिल मशीन आणि पंपांच्या शाफ्टचे व बुशचे जॉबवर्क एवढेच आमच्याकडे होते. आज सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, टर्निंगची स्वतंत्र शेड आहे आणि मोठ्या कारखान्यांची कामे नियमित येतात. लोक यंत्रे मोजून आमची प्रगती सांगतात. मला मात्र ती वेगळ्या ठिकाणी दिसते. आज सीएनसीवर सेटिंग करणारे, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारे, आमचे बहुतेक सहकारी या शेडमध्ये हेल्पर म्हणून आले होते.

सांगली जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना वसवला, तेव्हा कसबी कामगार आयते मिळण्याची सोय नव्हती. माणसे तिथेच घडवावी लागली. श्रम आणि शिक्षण यांची फारकत न मानणारी कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही शिकवणही शेजारच्या सातारा जिल्ह्यातलीच. आमच्या धोरणाची मुळे याच मातीत आहेत, असे मी मानतो.

शिक्षणाला आम्ही धंद्याचे धोरण का म्हणतो, हे एका मापावरून सांगता येईल. 25 मिलिमीटरच्या शाफ्टला ड्रॉइंगमध्ये ‘एच सहा’ अशी मर्यादा दिलेली असते, तेव्हा त्याचा व्यास 24.987 ते 25.000 मिलिमीटर यांच्यामध्येच बसावा लागतो, म्हणजे सारा खेळ 13 मायक्रॉनचा. पोलाद तापले की फुगते. 100 मिलिमीटर व्यासाचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा नग, 20 अंशांनी अधिक गरम असेल, तर तो सुमारे 23 मायक्रॉनने मोठा भरतो. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम नग मोजून जो ऑपरेटर ऑफसेट (मशीनमधील मापाची दुरुस्ती) बदलतो, त्याचे पुढचे सगळे नग थंड झाल्यावर मापाखाली जातात, आणि मापाखाली गेलेल्या शाफ्टवर धातू परत चढवता येत नाही. मशीनला हे कळत नाही. ‘नग थंड होऊ दे, मग मायक्रोमीटर लाव’ एवढेच सांगितले, तर ऑपरेटर महिनाभर ते पाळतो. कारण समजलेला ऑपरेटर मात्र नवा जॉब, नवी धातू समोर आली तरी स्वतः विचार करतो, आणि रिजेक्शन तिथेच थांबते.

म्हणून आमच्याकडे हेल्पर, ऑपरेटर, सेटर, प्रोग्रामर अशी शिडी आहे, आणि कोणत्या पायरीसाठी काय यायला हवे व त्यावर पगार किती वाढेल, याचा तक्ता सर्वांना दिसेल अशा जागी लावलेला आहे. यात सर्वांत अवघड भाग शिकणाऱ्यांचा नव्हता, शिकवणाऱ्यांचा होता. जुना कारागीर हातचे राखून शिकवतो, कारण पोरगा तयार झाला की आपली गरज संपेल, अशी त्याला भीती असते, आणि ती भीती निराधार म्हणता येत नाही. त्यावर आम्ही नियम केला की ज्याने आपल्या जागेवर दुसरा माणूस तयार केला, त्यालाच वरच्या पायरीवर जाता येईल, आणि शिकवण्याच्या कामाचा भत्ता वेगळा मिळेल. त्यानंतर जुन्या कारागिरांच्या कोपऱ्यात दडलेल्या वह्या टेबलावर आल्या.

शिकाऊ उमेदवारांबाबत 1961 चा कायदा आहे. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि चार माणसांपासून पुढे ते ऐच्छिक आहे. आयटीआयचा टर्नर किंवा मशीनिस्ट आम्ही या मार्गाने घेतो, पण त्याला वर्षभर एकाच मशीनवर उभे करत नाही. तपासणी, टूल रूम, स्टोअर असे सर्व विभाग त्याला फिरवतो. स्वस्तात मिळालेला हात म्हणून त्याच्याकडे पाहणे मला अन्यायाचे वाटते. शाळा अर्धवट सुटलेल्या जुन्या सहकाऱ्यांसाठी, अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची जी सरकारी सोय आहे, तिचाही आम्ही उपयोग केला. वयाच्या चाळिशीत हाती आलेले ते पहिले प्रमाणपत्र त्यांनी घरच्यांना दाखवायला नेले, तेव्हा मला फार समाधान वाटले.

शिकवले की मुले चाकण-भोसरीला जातात, असे आमचे व्यावसायिक मित्र सांगतात. काही जातात, आणि आम्ही त्यांना अडवत नाही. परंतु इथल्या पुष्कळ मुलांची घरी द्राक्षबाग किंवा उसाचे रान असते, आई-वडील थकलेले असतात. गावाजवळ राहून पुढची पायरी दिसत असेल, तर भाड्याच्या खोलीत राहायला त्यांना जायचे नसते. गेलेल्यांपैकी काही जण मोठ्या कारखान्यांतील गुणवत्तेच्या पद्धती शिकून परतले, आणि आमच्या तपासणी विभागाची आजची घडी त्यांनीच बसवली आहे.

आता व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे उभ्या टूलने मिलिंग करणारे सीएनसी मशीन, घेण्याचे ठरत आहे. त्यासाठी दोन सेटर मिलिंगचे प्रोग्रामिंग शिकत आहेत. त्या मशीनचे टेबल केवढे हवे आणि टूल ठेवण्याच्या मॅगझिनमध्ये किती टूल लागतील, हे त्यांनी आमच्या जॉबचा अभ्यास करून सांगितल्यावरच आम्ही कोटेशन मागवणार आहोत.