शेळीच्या इंजेक्शनची बाटली

परवा दुपारची गोष्ट. मेडिकलमध्ये गर्दी नव्हती, एक जण आले आणि खिशातनं कागदात गुंडाळलेली बाटली काढून काउंटरवर ठेवली. "ओ ताई, तुमच्या त्या खाजेच्या गोळीत जे औषध असतंय तेच ह्यात बी हाय म्हणतेत, मग ह्येच घेतलं तर चालतंय का?" बाटली आयव्हरमेक्टिन इंजेक्शनची, जनावरांची, शेळ्यांसाठी आणलेली, निम्मी संपलेली. बोलता बोलता त्यांची नखं बोटांच्या बेचक्यात चाललीच होती. घरात अजून कुणाला हाय का विचारलं तर बायकोला, दोन पोरांना आणि आईला, रात्र झाली की सगळे उठून बसतेत म्हणाले, झोप म्हणून नाही.

बाटली हातात घेतली आणि मला मामाचं घर आठवलं, कारण अगदी हाच प्रश्न मामांनी पण मला विचारला होता. आपल्याकडं मोहोळ, सांगोला, मंगळवेढा कुठंही जा, वस्तीवर शेरडं आणि माणसं एकाच अंगणात असतात, औषधं पण एकाच कोनाड्यात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

मामांची वस्ती मोहोळ तालुक्यात, वीस-बावीस उस्मानाबादी शेळ्या. मामांना जनावरातलं कळतं हे आधी सांगते. शेळी मलूल दिसली की ते तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढून आतला रंग बघतात, लालगुलाबी असेल तर बरं, पांढरट पडलेली असेल तर जंत रक्त पितायत. मग डॉक्टरांनी सांगितलेल्या हिशोबानं कधी पाजायचं औषध, कधी हे इंजेक्शन. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्या तंबूत सुई घालायची, मासात नाही, कातडीखाली. पोटातले गोल जंत, कानामागची खरूज, नाकातल्या अळ्या, एवढ्या सगळ्यावर ते चालतं. पण चपट्या जंतावर म्हणजे पट्टकृमीवर नाही आणि लिव्हरमधल्या फ्लूक नावाच्या जंतावरही नाही, त्याला दुसरं औषध लागतं, आणि ओढ्याकाठी चरणाऱ्या शेळ्यांना एकच बाटली सगळ्यावर मारत बसलं तर पैसे पण जातात आणि शेळी पण. अजून एक, हे औषध चरबीत मुरतं आणि बरेच दिवस दुधात उतरत राहतं, त्यामुळं ज्या जनावराचं दूध घरात किंवा डेअरीला जातंय त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचंच नाही. शेणातनं पण ते बाहेर पडतं आणि शेणातल्या किड्यांच्या अळ्यांना मारतं, जे किडे बिचारे शेण जमिनीत गाडायचं काम फुकटात करतात. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

तर त्या वर्षी मामेभाऊ हॉस्टेलवरनं घरी आला तो खरूज घेऊनच आला. कुणाला कळलं नाही, कारण पहिल्यांदा खरूज होते तेव्हा खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात, तोवर माणूस सगळ्यांच्या वाकळीत झोपून मोकळा झालेला असतो. महिन्याभरानं मामी, मग धाकटी पोर, मग आजी. आजीचं तर वाईट झालं, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत पुरळ, खाजवून खाजवून त्यात पू झालेला. मी गेले तेव्हा तिचा हात उजेडात धरून बघितला, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधे कातडीवर एक बारीक वाकडी रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी, पाव इंचाची असेल. ते त्या किड्याचं बीळ. मादी कातडीच्या वरच्या थरात पोखरत जाते आणि मागं अंडी घालत जाते, डोळ्यांना ती दिसत नाही, अर्धा मिलीमीटर पण नसते.

मामा म्हणाले, "शेळीची खरूज ह्यानं जाती, मग आमची का जाणार न्हाई? शेळीला अर्धा एमएल, माणसाला एक मारू, हाय काय त्यात."

मी म्हटलं मामा, थांबा, औषध तेच हाय पण हिशोब तो नाही.

औषध खरंच तेच आहे, ह्यात मामांचं काही चुकलं नव्हतं. उलट जनावरांचंच औषध म्हणून ते आधी आलं. जपानमध्ये सातोशी ओमुरा नावाचे शास्त्रज्ञ कुठंही गेले की मातीचे नमुने गोळा करायचे, तसाच एक नमुना इतो गावाजवळच्या गोल्फ मैदानाशेजारून घेतला, त्यातल्या एका जंतूपासून हे औषध निघालं. अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या टीमनं ते जंत झालेल्या उंदरांवर तपासलं, आणि १९८१ मध्ये ते गुरांसाठी बाजारात आलं. माणसांसाठी नंतर, आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माशीमुळं होणाऱ्या आंधळेपणावर, आणि १९८७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की त्या रोगासाठी लागेल तितकं आणि लागेल तोवर फुकट देऊ. २०१५ ला ओमुरा आणि कॅम्पबेलना नोबेल मिळालं, मलेरियाच्या औषधासाठी चीनच्या तू यूयू यांना त्याच वर्षी त्यांच्यासोबत. मातीतनं निघालेल्या एका औषधानं लाखो लोकांची नजर वाचली, मला तर हे वाचताना दरवेळी भरून येतं.

हे औषध किड्याच्या नसांमधली काही दारं उघडीच ठेवतं, मग किडा लुळा पडतो आणि मरतो. आपल्या शरीरात नेमकी ती दारं नाहीत, त्यांच्यासारखी दुसरी मेंदूत आहेत, पण रक्तातनं मेंदूत जायच्या वाटेवर एक पहारा असतो आणि तो ह्या औषधाला परत बाहेर ढकलतो. डोस बेताचा असेल तोवर पहारा टिकतो. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये हा पहारा जन्मापासूनच कमजोर असतो, त्यांना थोडक्यानं पण त्रास होतो. आणि डोस भरमसाट झाला तर कुठल्याही जनावराचा पहारा मोडतो.

हे मी पुस्तकातलं नुसतं सांगत नव्हते. मामांच्या शेजारच्या वस्तीवर कुत्र्याच्या पिल्लाला लूत लागली होती, केस गळून कातडी हत्तीसारखी झालेली, कुणीतरी शेळीच्या बाटलीतलं एक एमएल अंदाजानं टोचलं. त्या एक एमएलमध्ये १० एमजी औषध असतं. पिल्लू असेल तीन किलोचं. शेळीला किलोमागं ०.२ एमजी देतात, त्या हिशोबानं पिल्लाला ०.६ पुरलं असतं, त्याला सोळा पट गेलं. संध्याकाळी ते झोकांड्या खायला लागलं, तोंडातनं लाळ, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोर हात हलवला तरी दिसत नव्हतं. ह्याला उतारा नाही, सलाईन लावून वाट बघायची. तिसऱ्या दिवशी गेलं.

मामांनी ते पिल्लू बघितलं होतं. मी फक्त कागदावर आकडे मांडले, तुमची ५० एमएलची बाटली म्हणजे ५०० एमजी, माणसाची गोळी १२ एमजीची, साठ किलोच्या माणसाला एका वेळी एक, म्हणजे ह्या एका बाटलीत चाळीस माणसांचा डोस हाय, आणि सुईवरची एक बारीक रेघ इकडची तिकडं झाली की धाकटीचं काय होईल? ती तेव्हा चौदा किलोची. पंधरा किलोच्या आतल्या पोरांना आणि गरोदर बाईला ही गोळी सहसा देतच नाहीत. शिवाय इंजेक्शनातला द्रव जनावराच्या कातडीखाली द्यायच्या हिशोबानं बनवलेला, प्यायला नाही. मामा गप्प झाले आणि बाटली गोठ्यातल्या डब्यात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडं आणलं. आजीला आणि मोठ्यांना गोळी, पू झाला होता त्याचं वेगळं औषध, धाकटीला नुसतं परमेथ्रिन क्रीम. क्रीम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यात, रात्री लावायचं आणि सकाळी आंघोळ. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज असो नसो, कारण एक जण राहिला की पंधरा दिवसांत परत तेच. गोळी अंडी मारत नाही, त्यामुळं आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि हा दुसरा डोस निम्मे लोक घेतच नाहीत, मी रोज काउंटरवर बघते.

अंथरुणाचा प्रश्न मोठा होता. कपडे आणि चादरी कढत पाण्यात घातल्या, पण आजीच्या वाकळी, चार-चार लुगड्यांच्या थराच्या, त्या कोण धुणार? अंगावरनं उतरलेला किडा दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही, मग वाकळी प्लास्टिकच्या खताच्या रिकाम्या पिशव्यांत भरून तोंड बांधून चार दिवस बाजूला ठेवल्या. मामी म्हणाली एवढंच होतं व्हय. औषधानंतर पण तीन आठवडे खाज राहिली, तेव्हा आजी रोज फोन करायची, "गुण न्हाई बघ पोरी", आणि मी रोज सांगायचे की किडे मेलेत, कातडी शांत व्हायला वेळ लागतो, अजून गोळ्या घेऊ नको.

२०२१ मध्ये हीच गोळी दुकानात टिकत नव्हती. कोरोनासाठी लोक पाच-पाच पट्ट्या मागायचे, गोव्यात तर सरकारनंच सगळ्या मोठ्यांना द्यायचं जाहीर केलं होतं, आणि खरंच खरूज असलेल्याला द्यायला माझ्याकडं एक गोळी नसायची. लॅबमध्ये बशीतल्या पेशींवर विषाणू मेला होता हे खरं, पण तेवढं औषध माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसनं पोचतच नाही. मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयसीएमआरनं म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं ते कोरोनाच्या औषधांच्या यादीतनं काढलं. औषधाची त्यात चूक नव्हती. जंतावरचं औषध जंतावर द्यावं. हत्तीरोगाच्या मोहिमेत आपल्याकडं घरोघरी डीईसी आणि अल्बेंडाझोल ही जंतावरची औषधं देतात, नागपूरसारख्या जिल्ह्यांत त्यात आयव्हरमेक्टिनची भर घातली, तिथं ते सोनं आहे, त्या गोळ्या वाटायला येणाऱ्या ताईंच्या समोरच गिळा, उशाखाली ठेवू नका.

तर परवाच्या त्या गृहस्थांना मी काट्यावर उभं केलं, अठ्ठावन्न किलो. घरच्या चौघांची वजनं कागदावर लिहून आणायला सांगितली, आणि पोरांना घेऊनच दवाखान्यात जा म्हटलं, गोळी डॉक्टर लिहितील तेव्हाच देईन. बाटली त्यांनी परत खिशात घालताना मी त्यांच्याकडनं मागून घेतली आणि पेननं लेबलवर मोठ्या अक्षरात "शेळी" लिहून दिलं. आज संध्याकाळी ते चिठ्ठी घेऊन आले, पाच जणांची, आईसाठी आणि बायकोसाठी गोळी, धाकट्यासाठी क्रीम, आणि मी दुसऱ्या डोसची तारीख पिशवीवर लिहून दिली.