जुन्या ट्रकला तयार इंजिन: तुम्ही विचारलंत म्हणून

टाटा सोळा-तेरा (१६१३) ट्रकचं इंजिन निकामी झालं; तेच बांधून घ्यावं की रिकंडिशन, म्हणजे दुसरं दुरुस्त करून तयार ठेवलेलं, आणून चढवावं, आणि कितीला पडेल? ट्रकवाले मला हे नेहमी विचारतात. भावाचं नंतर बोलू. आधी जुनं इंजिन कशानं गेलं ते शोधा.

गाडी तापून पिस्टन धरले असतील तर रेडिएटर बघा. तो गाळानं भरलेला तसाच ठेवलात, तर आणलेलं इंजिनही त्याच वाटेनं जाणार. बेअरिंग फिरलं असेल तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये बसतो आणि कितीही धुतलं तरी पुरता निघत नाही. तिथे काटकसर नको, कूलर नवाच घाला. एअर क्लीनरच्या पाइपाला चीर असेल तर धूळ थेट आत जाते.

ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) किंवा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) कामातून गेला असेल तरच मी तयार इंजिन घ्या म्हणेन. सोळा-तेरात कमिन्सचं सिक्स बीटी असेल तर त्याला लायनर, म्हणजे बदलता येणारी आतली नळी, नसतो, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो. मूळ बोअर, म्हणजे पिस्टन चालतो त्या भोकाचा व्यास, १०२ मिलिमीटरचा. तो अर्ध्या मिलिमीटरनं वाढवला, मग मूळ मापापेक्षा एक मिलिमीटरनं वाढवला, की पुढे स्लीव्हच, म्हणजे आत वेगळी नळी बसवणं. त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न बोअरचा.

ताजा रंग बघून भुलू नका, रंगाचा डबा कुणालाही मिळतो. चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवून क्रँकची एक बेअरिंग कॅप खोलायला लावा. आतल्या बेअरिंग शेलच्या पाठीवर मापाचा आकडा असतो: स्टँडर्ड, ०.२५, ०.५०, म्हणजे क्रँक किती मिलिमीटर घासलाय ते. ०.५० दिसलं तर क्रँक बराच घासून झालाय असं समजा आणि भाव पाडा. खोलूच देत नसेल तर चहा पिऊन परत या. टायमिंग कव्हर (पुढच्या गिअरवरचं झाकण) उघडं असेल तर आतली डॉवेल पिन, म्हणजे जागा धरणारी छोटी खुंटी, तीही बघा. ती सुटून गिअरमध्ये पडली की चांगलं इंजिन जागेवर संपतं. जवळच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी दाबली की पिन बाहेर येत नाही.

आता भाव. हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढंच) स्वस्त दिसतं, कारण हेड, पंप, नोझल, टर्बो सगळं तुमचंच जुनं. कंपनीचं रिकंडिशन एक्स्चेंजवर, म्हणजे तुमचं जुनं इंजिन देऊन, मिळतं. जुना ब्लॉक फुटका असेल तर पैसे कापले जातात, हे आधीच बोलून घ्या.

बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि आरटीओत परवानगी काढून आरसीवर चढवा. नंबर जुळला नाही तर पासिंगला अडवतात, आणि अपघात झाला की विमावाला आधी तोच बघतो.